रुळांवरचें आकाश : न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनांत

न्यूयॉर्क शहर पाहावयास गेलेला मनुष्य प्रथम मान वर करून चालूं लागतो, आणि दोन दिवसांत मान दुखूं लागली म्हणजे मग खालीं पाहूं लागतो. वर पाहण्यासारखें पुष्कळ आहे हें खरेंच. पण या शहराचा खरा संसार जमिनीच्या पोटांत चालतो आणि वरच्या इमारतींचा सारा थाट खालच्या आगगाड्यांच्या जिवावर उभा आहे, ही गोष्ट ध्यानांत येण्यास थोडा वेळ लागतो. ज्यांस ती एकाच जागीं पाहावयाची असेल त्यांनीं बेचाळिसाव्या रस्त्यावरील ग्रँड सेंट्रल स्टेशनांत जावें. गाडी पकडावयाची नसतांही मी तेथें एक सबंध दिवस घालविला.

मला तेथें नेणारें एक विशेष निमित्त होतें. हल्लीं शहरांतल्या शहरांत विमानानें जाण्याच्या गोष्टी फार ऐकूं येतात. विजेवर चालणारें, उभेंच वर चढणारें व उभेंच खालीं उतरणारें एक लहानसें विमान. त्यांत चार-पांच माणसें बसावयाचीं, आणि खालीं मोटारींच्या रांगा खोळंबल्या असतां वरून भुर्रकन् निघून जावयाचें, अशी ही कल्पना. आपल्याकडेही २०२३ सालीं दिल्लीच्या कनॉट प्लेसपासून गुरुग्रामपर्यंत अशीं विमानें सुरू करण्याची घोषणा झाली. मोटारीनें तास-दीड तास खाणारा प्रवास सुमारें सात मिनिटांत होईल, असें त्या वेळीं सांगण्यांत आलें होतें. नगररचनेच्या शास्त्रांतील मंडळी आतां असें म्हणूं लागलीं आहेत कीं, हीं विमानें आगगाडी, मेट्रो व बस यांच्याशीं जोडून द्यावीं, म्हणजे गाडींतून उतरलेला उतारू तसाच वर जाऊन विमानांत बसेल. कल्पना चांगली आहे. मात्र ती नवी नाहीं. न्यूयॉर्कनें ती साठ वर्षांपूर्वीं करून पाहिली, आणि जेथें करून पाहिली ती जागा हीच. वर गच्चीवर विमान आणि खालीं आगगाडी, असा संसार येथें खरोखरच कांहीं काळ मांडला गेला होता. तो मोडला कां, हें त्या जागेवर उभें राहून समजून घ्यावें असें मला वाटत होतें.

आम्ही तिघे निघालों : मी, माझी वडील बहीण अक्का, आणि नोकरीनिमित्त न्यू जर्सींत बिऱ्हाड केलेला तिचा मुलगा. अक्काचें वय पंचाहत्तरीच्या पुढें, गुडघे कुरकुरणारे. पण ‘तुम्हीं पाहणार आणि मीं काय घरीं कपबशा विसळीत बसूं?’ असें म्हणून ती आधींच शाल घेऊन दारांत उभी राहिली होती. टाइम्स स्क्वेअरवरून शटल नांवाची एक आंखूड भुयारी गाडी सुटते. ती दोनच स्टेशनांमध्यें जन्मभर येरझारा घालते. तिनें आम्हांला ग्रँड सेंट्रलच्या पायथ्याशीं आणून सोडलें.

स्टेशनाचें मुख्य दालन २७५ फूट लांब, १२० फूट रुंद व १२५ फूट उंच आहे. आंकड्यांनीं त्याची कल्पना येणार नाहीं. एखाद्या मोठ्या देवळाच्या सभामंडपांत शिरल्यावर आवाज आपोआप खालीं येतो, तसें येथें होतें, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. मध्यभागीं चौकशीच्या खोपट्यावर चार तोंडांचें घड्याळ आहे. शहरांतील निम्मीं माणसें उरलेल्या निम्म्यांची वाट येथेंच पाहत असावींत. माथ्यावर हिरवट निळ्या रंगाचें छत असून त्यावर सोनेरी रेषांनीं राशी काढल्या आहेत. अक्कास पंचांगाची संवय. तिनें वृषभ आणि मिथुन ओळखून काढले, कांहीं वेळ बोटांनीं हवेंत दिशा मोजल्या, आणि म्हणाली, ‘‘अरे, यांनीं पूर्व-पश्चिम उलटी काढली आहे.’’ तिचें म्हणणें बरोबर होतें. १९१३ सालीं स्टेशन उघडल्यावर थोड्याच दिवसांत ही गोष्ट उघडकीस आली, आणि तेव्हांपासून आजवर लोक ती चूक कौतुकानें एकमेकांस दाखवीत आले आहेत. पृथ्वीवरून दिसणारें हें आकाश नव्हेच, तें पलीकडून देवाला दिसणारें आहे, असें त्यावर एक समर्थनही कोणीं शोधून काढलें. असो.

मला त्या छताहून अधिक कौतुक वाटलें तें पायांखालच्या गोष्टीचें. दालनांतून खालच्या मजल्यावरील उपाहारगृहांकडे आम्ही निघालों, तेव्हां अक्का संवयीनें कठडा शोधूं लागली. भाचा म्हणाला, ‘‘आई, जिना नाहींच इथं. नुसती चालत ये.’’ आणि खरेंच, आम्ही बोलत बोलत एक मजला उतरून आलों तरी पायरी म्हणून लागली नाहीं. या स्टेशनांत मोठमोठ्या गर्दीच्या वाटा पायऱ्यांऐवजीं मंद उतारांच्या केलेल्या आहेत. असें सांगतात कीं, बांधण्यापूर्वीं वेगवेगळ्या चढांच्या वाटा मांडून त्यांवरून लठ्ठ, रोड, वृद्ध, सामान घेतलेलीं, लेंकरूं कडेवर घेतलेलीं अशीं नाना प्रकारचीं माणसें चालवून पाहिलीं, आणि ज्या चढावर कोणासही धाप लागली नाहीं तो चढ कायम केला. शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीं कोणा इंजिनिअरानें केलेल्या या विचाराचा फायदा कोकणांत जन्मलेल्या आमच्या अक्काच्या गुडघ्यांस मिळाला. उताराच्या तळाशीं चार कमानींचा एक लहान चौक आहे. तेथें एका कोपऱ्यांत तोंड भिंतीकडे करून कुजबुजलें तर समोरच्या कोपऱ्यांत स्पष्ट ऐकूं येतें. भाच्यानें तेथून विचारलें, ‘‘आई, दुखतंय का?’’ अक्का भिंतीला म्हणाली, ‘‘नाहीं रे बाबा. पण चहा कधीं?’’

चहा पितां पितां भाच्यानें या स्टेशनाची जी हकीकत सांगितली व जी मीं मागाहून पडताळून पाहिली, ती अशी. पूर्वीं येथें वाफेचीं इंजिनें येत. पार्क अॅव्हेन्यूखालच्या बोगद्यांत धूर कोंडून राही. १९०२ च्या जानेवारींत त्या धुरामुळें एका गाडीच्या चालकास सिग्नल दिसला नाहीं, ती पुढच्या गाडीवर आदळली व १५ माणसें मेलीं. लोकक्षोभ झाला, आणि १९०८ पासून त्या बेटावर वाफेचीं इंजिनें आणण्यास कायद्यानें बंदी झाली. रेल्वेचा मुख्य इंजिनिअर विल्यम विल्गस यानें मग असें सुचविलें कीं, गाड्या विजेवर चालवाव्या, रूळ दोन मजल्यांत जमिनीखालीं घालावे, आणि धूर नाहींसा झाला म्हणजे रुळांवरची मोकळी झालेली हवा इमारती बांधणाऱ्यांस भाड्यानें द्यावी. धूर होता तोंवर त्या हवेस कवडीची किंमत नव्हती. धूर गेला आणि हवेचें सोनें झालें. तिकडे यास ‘एअर राइट्स’ म्हणतात; आपण आकाशाधिकार म्हणूं. ग्रँड सेंट्रलच्या उत्तरेस पार्क अॅव्हेन्यूवर ज्या टोलेजंग इमारती उभ्या आहेत, त्यांतील कित्येकांच्या पायाखालीं माती नाहीं, रूळ आहेत. रुळांच्या मधून पोलादी खांब उतरवून त्यांवर त्या तोललेल्या आहेत. उतारूंच्या सोयीचा प्रचंड खर्च वरच्या आकाशाच्या भाड्यांतून भागवावयाचा, असा हा व्यवहार होता. मला तर तो एखाद्या हुशार गृहिणीनें केलेल्या काटकसरीसारखा वाटला : घरांत जें वायां जात होतें त्यांतूनच घर चालविलें.

पण आकाश एकदा विकावयास काढलें म्हणजे तें किती विकावें यास मर्यादा राहत नाहीं. १९६३ सालीं स्टेशनाच्या अगदीं पाठीशीं ५९ मजल्यांची, ८०८ फूट उंचीची एक इमारत उभी राहिली. पॅन अमेरिकन या त्या काळच्या बलाढ्य विमानकंपनीचें नांव तिच्या कपाळावर लागलें. वॉल्टर ग्रोपियस व पिएत्रो बेलुस्की यांच्यासारखे नामांकित स्थापत्यज्ञ तिच्या रचनेंत होते, तरीही न्यूयॉर्ककरांनीं तिला कधीं क्षमा केली नाहीं. कारण पार्क अॅव्हेन्यूवरून दिसणारें आकाश तिनें भिंतीसारखें अडविलें. आज तें नांव गेलें आहे. कंपनी १९९१ च्या डिसेंबरांत बुडाली, आणि तिच्या जागीं एका विमाकंपनीचें नांव आलें. इमारत तशीच आहे. स्टेशनाच्या दालनांतून सरकत्या जिन्यानें वर गेलें कीं आपण थेट तिच्या तळमजल्यावर येतों.

याच इमारतीच्या गच्चीवर १९६५ च्या डिसेंबरांत हेलिकॉप्टरें उतरूं लागलीं. न्यूयॉर्क एअरवेज नांवाची कंपनी १९५३ पासून शहराच्या विमानतळांमध्यें हेलिकॉप्टरनें उतारू नेत होती. तिला आतां शहराच्या ऐन काळजांत जागा मिळाली. केनेडी विमानतळास जावयाचें तर मोटारीनें तास मोडे. गच्चीवरून सात ते दहा मिनिटें पुरत. सात मिनिटें हा आंकडा या धंद्यास फारच प्रिय दिसतो. बाहेरगांवच्या उतारूनें ग्रँड सेंट्रलला आगगाडींतून उतरावें, छत्रीसुद्धां न उघडतां सरकत्या जिन्यानें वर यावें, इमारतींतच आपलें सामान स्वाधीन करावें, लिफ्टनें माथ्यावर जावें आणि थोड्याच वेळांत लंडनच्या विमानाशेजारीं उतरावें. आगगाडी, भुयारी गाडी आणि विमान यांची अशी सांगड त्यापूर्वीं क्वचितच कोणीं घातली असेल. आजच्या नगररचनाकारांच्या नकाशांत जें दाखवितात तें सारें येथें होतें.

मग तें टिकलें कां नाहीं? पहिलें उत्तर साध्या त्रैराशिकाचें आहे. त्या हेलिकॉप्टरांत २५ उतारू बसत. पांच-पांच मिनिटांनीं एक हेलिकॉप्टर, तेंही भरलेलें, निघालें असें धरून चालूं, जरी तसें कधींच होत नसे. तासाला ३०० माणसें झालीं. जवळच जमिनीखालून जाणारी लेक्सिंग्टन मार्गाची दहा डब्यांची एक भुयारी गाडी एका खेपेस हजारांवर माणसें नेते, आणि तशा गाड्या थोड्या थोड्या मिनिटांनीं येत राहतात. करोनाच्या सांथीपूर्वीं त्या एकट्या मार्गावर दिवसाला सुमारें १३ लाख उतारू होते. म्हणजे वरच्या गच्चीनें दिवसभर राबून जें काम करावें, तें खालची गाडी, कोणास कळण्याच्या आंत, कांहीं मिनिटांत उरकते. शिवाय त्या हेलिकॉप्टरांस संघसरकारचें अनुदान मिळे तें १९६५ मध्येंच बंद झालें होतें. गोंगाटाबद्दल शेजाऱ्यांच्या तक्रारी होत्या त्या निराळ्याच. पुरेसे उतारू मिळेनात, खर्च भागेना. आणि १९६८ च्या फेब्रुवारींत गच्ची बंद झाली.

ती पुन्हां उघडली १९७७ च्या फेब्रुवारींत, आणि अवघी तीन महिने चालली. त्या वर्षीं १६ मेच्या सायंकाळीं केनेडी विमानतळावरून आलेलें एक हेलिकॉप्टर गच्चीवर उभें होतें. आलेले उतारू उतरले होते, जाणारे चढत होते, आणि वेळ वांचावा म्हणून माथ्यावरचा पंखा फिरताच ठेवलेला होता. एवढ्यांत चाकाच्या आधाराचा एक भाग मोडला. वारंवार ताण बसून त्या धातूस आंतून चीर गेली होती. हेलिकॉप्टर कुशीवर कलंडलें, आणि फिरतीं पातीं गच्चीवर वाट पाहणाऱ्या माणसांत शिरलीं. त्यांतील चौघांचा बळी गेला. एका पात्याचा तुकडा कठड्यावरून बाहेर उडाला, आठशें फूट खालीं आला, आणि एक चौक पलीकडे मॅडिसन अॅव्हेन्यूवरून पायीं चाललेली एक बाई त्यानें ठार झाली.

मी त्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलों. तेथें कांहीं खूण नाहीं. संध्याकाळची कचेऱ्या सुटण्याची वेळ होती. माणसें हातांत कॉफीचे पेले घेऊन, कानांत यंत्रें घालून, झपाझप स्टेशनाकडे चाललीं होतीं. वर पाहिलें तर त्या इमारतीचा माथा दिसतो, पण गच्ची दिसत नाहीं. गच्चीवर बळी पडलेल्या चौघांनीं निदान त्या प्रवासाचा धोका, कळत नकळत, पत्करलेला होता. या बाईनें तिकीट काढलें नव्हतें. वर काय चाललें आहे हें तिला ठाऊक असण्याचें कारणही नव्हतें. आकाशमार्गाच्या सर्व जमाखर्चांत तिचें नांव कोणत्या बाजूस लिहावयाचें, हा प्रश्न मला आजही सुटलेला वाटत नाहीं. गच्ची त्या दिवशीं बंद झाली ती कायमची. दोन वर्षांनीं, १९७९ च्या एप्रिलांत, त्याच कंपनीचें दुसरें एक हेलिकॉप्टर नूअर्कला पडून तिघे मेले, आणि कंपनीही मिटली.

अक्कास ही हकीकत मीं सांगितली नसती तर बरें झालें असतें. तिनें उरलेला सारा दिवस दर थोड्या वेळानें वर पाहिलें.

याच सुमारास ग्रँड सेंट्रलवर दुसरें एक संकट येऊन गेलें. रेल्वेकंपनी कर्जांत बुडालेली होती. तिनें १९६८ मध्येंच स्टेशनाच्या डोक्यावर पन्नासांहून अधिक मजल्यांचा मनोरा बांधण्याचें ठरविलें होतें. शहरानें स्टेशन ऐतिहासिक वास्तु म्हणून राखून ठेवलें असल्यामुळें परवानगी नाकारली. कंपनी कोर्टांत गेली. माझें आकाश मला विकूं देत नाहीं, ही एक प्रकारची लूटच आहे, असें तिचें म्हणणें. दुसऱ्या एका भव्य स्टेशनाची, पेन स्टेशनची इमारत १९६३ पासून पाडण्यांत आली होती, आणि त्याची हळहळ लोकांच्या मनांत ताजी होती. जॅकेलिन केनेडी ओनासिस यांच्यासारख्या स्त्रियाही या वेळीं पुढें आल्या. १९७८ च्या जूनमध्यें सर्वोच्च न्यायालयानें शहराच्या बाजूनें निकाल दिला. त्यांत एक मुद्दा असा होता कीं, स्टेशनावर बांधतां येत नसेल तर तो न वापरलेला आकाशाधिकार कंपनीस जवळपासच्या दुसऱ्या जागांवर नेतां येतो. तेव्हां तिचें सर्वस्व गेलें असें म्हणतां येत नाहीं.

मुंबईकर वाचकांस ही भाषा ओळखीची वाटेल. मुंबईंत १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनें जो टीडीआर आणला, तो याच कुळांतला. एका जागेवर न बांधलेलें आकाश कागदावर उतरवून दुसऱ्या जागेवर चढवावयाचें. फरक आहे तो असा कीं, वर चढविलेल्या मजल्यांच्या बदल्यांत खालून चालणाऱ्यास काय मिळालें, हें आपण फारसें विचारलें नाहीं. परळ-प्रभादेवीस गिरण्या गेल्या, मनोरे आले, हजारों माणसें तेथें कामास येऊं लागलीं, आणि रेल्वेचा पादचारी पूल होता तेवढाच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळीं एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या त्या पुलावर पावसांत चेंगराचेंगरी होऊन २३ माणसें मेलीं. त्यांच्या डोक्यावर कोणतेंही विमान नव्हतें.

या बाबतींत न्यूयॉर्कनें उशिरां कां होईना एक शहाणपणाची गोष्ट केली. ग्रँड सेंट्रलच्या पश्चिमेस लागूनच वन व्हँडरबिल्ट नांवाचा १,४०१ फूट उंचीचा मनोरा २०२० मध्यें उघडला. इतक्या उंचीची परवानगी देतांना शहरानें अट घातली कीं, बांधणारानें सुमारें २२ कोटी डॉलर खर्चून खालच्या स्टेशनाची सुधारणा केली पाहिजे. भुयारी फलाटांवरून वर येणारे नवे जिने, रुंद केलेल्या वाटा, उतारूंसाठीं एक नवें दालन, हें सारें त्या पैशांतून झालें. मनोऱ्याच्या माथ्यावर पैसे देऊन कांचेच्या खोल्यांतून शहर पाहतां येतें. भाच्यानें आग्रह केला, पण अक्का म्हणाली, ‘‘तेवढ्या पैशांत आपण चौघांची भाजी आणूं,’’ आणि विषय संपला. मला मात्र त्या नव्या जिन्यावर उभें राहून वर-खालीं जाणारीं माणसें पाहण्यांत मनोऱ्याचें दर्शन घडलें. आकाशाशीं रेल्वेची सांगड घालण्याची ही दुसरी तऱ्हा. हींत कोणी उडत नाहीं.

आतां विमानतळाचें काय, असें कोणी विचारील. कारण ती गरज तर खरीच होती. तिचें उत्तर गच्चीवर नव्हे, तळघरांत सांपडलें. स्टेशनाच्या जुन्या फलाटांच्याही खालीं, पार्क अॅव्हेन्यूपासून १४० फुटांहून अधिक खोल, खडक पोखरून एक नवें स्टेशन केलें आहे. ग्रँड सेंट्रल मॅडिसन हें त्याचें नांव. २५ जानेवारी २०२३ रोजीं तेथून लाँग आयलंडच्या गाड्या सुरू झाल्या. या कामास अकराशें कोटी डॉलरांहून अधिक खर्च आला आणि ठरलेल्या मुदतीपेक्षां कितीतरी वर्षें अधिक लागलीं. त्याबद्दल तेथील लोक कडक बोलतात व तें रास्तही आहे. सरकता जिना उतरूं लागलें म्हणजे पाताळांत निघालों कीं काय असें वाटतें. बसावयास बांकडीं म्हणावीं तशीं नाहींत. पण तेथें गाडींत बसावें, जमेका स्टेशनास उतरावें, आणि २००३ पासून चालूं असलेल्या एअरट्रेन नांवाच्या चालकाविना धांवणाऱ्या गाडीनें केनेडी विमानतळावर जावें, हें आतां कोणासही शक्य आहे. सात मिनिटें नाहीं लागत. तासाभराच्या आंत-बाहेर हिशेब बसतो. मुसळधार पाऊस असला तरी तो फारसा बदलत नाहीं. अक्का परत येतांना याच वाटेनें विमानतळावर गेली, दोन पेट्या आणि लोणच्याची बरणी घेऊन.

दुसऱ्या दिवशीं मी एकटाच नव्या आकाशमार्गाची जागा पाहावयास गेलों. मॅनहॅटनांत आज हेलिकॉप्टरें उतरतात तीं नदीकांठीं. गच्च्यांवरचा तो नाद शहरानें सोडून दिला. ३४ व्या रस्त्याच्या पूर्व टोंकास असा एक तळ आहे. ग्रँड सेंट्रलहून भुयारी गाडीनें एक स्टेशन आलों, आणि तेथून नदीपर्यंत पायीं निघालों. अंतर अर्ध्या मैलाच्या आसपास, पण पांच हमरस्ते ओलांडावे लागतात, आणि शेवटीं मोटारींच्या उंच रस्त्याच्या खांबांखालून, कानठळ्या बसविणाऱ्या आवाजांतून जावें लागतें. सामान हातांत असतें तर मीं हा प्रवास केला नसता. अक्कानें तर खासच नाहीं. २०१९ मध्यें मॅनहॅटनाहून केनेडी विमानतळापर्यंत हेलिकॉप्टरची एक जागा साधारण २०० डॉलरांस मिळूं लागली होती. एवढें भाडें देणारा उतारू येथवर चालत येत नाहीं, मोटारींतून येतो. म्हणजे आकाशांतल्या सात मिनिटांसाठीं जमिनीवर आणखी एक मोटार वाढते, आणि ती इतरांच्या बसपुढें उभी राहते.

नव्या विमानांची तऱ्हा निराळी आहे, हेंही सांगितलें पाहिजे. जॉबी नांवाच्या कंपनीनें २०२३ च्या नोव्हेंबरांत मॅनहॅटनच्या दक्षिण टोंकावरील तळावरून आपलें विजेचें विमान उडवून दाखविलें. एक चालक व चार उतारू त्यांत बसतात, सहा पंखे आहेत, आणि हेलिकॉप्टरच्या मानानें तें फारच हळू आवाज करतें. तो तळ विजेच्या विमानांसाठीं सज्ज करण्याचें शहरानेंही त्याच वेळीं जाहीर केलें. एका पंख्यावर भार न ठेवतां तो सहांवर वांटल्यामुळें तें अधिक निर्धोक होईल असें तज्ज्ञ म्हणतात, आणि त्यांवर अविश्वास दाखविण्याइतकें माझें ज्ञान नाहीं. पण चार म्हणजे चारच. १९६५ च्या पंचवीसांचें त्रैराशिक जेथें बसलें नाहीं, तेथें चारांचें बसवावयाचें तर दर मिनिटास कित्येक विमानें उतरवावीं लागतील, आणि मग मॅडिसन अॅव्हेन्यूवरून चालणाऱ्या बाईचा प्रश्न पुन्हां पुढें येतो. रुग्णास तांतडीनें नेणें, पुराच्या वेळीं मदत पोंचविणें, जेथें पूल बांधणें शक्य नाहीं अशा खाडीपलीकडे जाणें, असलीं कामें तें उत्तम करील. आपल्या कोंकणपट्टींत तीं कामें थोडीं नाहींत. पण स्टेशनाशेजारीं त्यास जागा द्यावयाची असेल तर ती जागा दुसऱ्या कशाची घेतली, हें आधीं विचारावें. जिन्याची? लिफ्टची? कीं बस उभी राहण्याची?

तळाच्या शेजारींच होडीचा धक्का आहे. मी कठड्याशीं उभा राहिलों. अर्ध्या तासांत एक हेलिकॉप्टर आलें. त्यांतून तिघे उतरले, वाऱ्यानें उडणारे कोट सांवरीत काळ्या मोटारींत बसले व गेले. त्यांचा वारा आमच्यापर्यंत आला आणि एका मुलाची टोपी नदींत पडली. मग होडी आली. तिच्यांतून सायकली, ढकलगाड्यांतलीं तान्हीं, बाजाराच्या पिशव्या आणि काठी टेकीत चालणारे दोन म्हातारे बाहेर पडले. होडी व धक्का यांच्यामध्यें टाकलेली फळी अगदीं मंद उताराची होती. टोपी गेलेला मुलगा तिच्यावरून धांवत वर गेला, आणि त्याची आजी त्याच्या मागून सावकाश, कठडा न धरतां.